सातशे किलोंचा झोका

मित्रांनो, तुमच्यासमोर उभा असलेला हा गंजका सांगाडा म्हणजे एक पिंजरा आहे. उंचीने माणसाच्या खांद्याएवढा, अंगाने पोलादी. माझ्यात आजवर एकही पाखरू किंवा जनावर कोंडले गेले नाही. माझे काम पाणी आणायचे. समुद्रात जिथे उजेड पोचत नाही, तिथले थंडगार पाणी मी वर आणत असे आणि शास्त्रज्ञ ते तपासत. सतरा वर्षे मी हे काम केले. त्यातली एक दुपार अशी होती, की अजूनही जुनी माणसे माझ्याजवळून जाताना आवाज खाली करतात. त्या दुपारी माझ्यामुळे एक माणूस मेला आणि एका बाईचा हात गेला. ते कसे झाले हे मी तुम्हाला सांगणार आहे. लपवणे मला जमणारही नाही, मी सगळ्या बाजूंनी उघडा आहे.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. जन्म कसला, मारहाणच ती. आधी नळ्या करवतीने कापल्या, मग यंत्रात घालून वाकवल्या, मग आगीने भाजून एकमेकींना चिकटवल्या. वेल्डर एका कानाने बहिरा होता आणि रागीट होता. एक सांधा त्याला पसंत पडला नाही, तर त्याने घण उचलला, तो सांधा तोडला आणि पुन्हा पहिल्यापासून जोडला. तीन दिवस मी ठणकत होतो. चौथ्या दिवशी मला ट्रकवर बांधून बंदरावर नेले.

तिथे माझ्या अंगावर गोलाकार चोवीस बाटल्या बसवल्या. एकेक बाटली पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. तिला वर एक आणि खाली एक अशी दोन झाकणे. ती झाकणे दोरीने ताणून उघडी ठेवायची. मी खोल गेलो, की वर जहाजात बसलेला माणूस एक बटण दाबे आणि एका बाटलीची दोन्ही झाकणे फाडकन बंद होत. त्या खोलीवरचे पाणी आत अडके. माझ्या पोटाखाली पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजणारी उपकरणे होती. डोक्यावर करंगळीएवढी जाड पोलादी तार, आणि त्या तारेचे दुसरे टोक विंचवर. विंच म्हणजे तार गुंडाळणारे आणि सोडणारे मोठे चाक. मी, माझ्या बाटल्या आणि बाटल्यांतले पाणी असे सगळे मिळून सातशे किलो भरत असू. एवढे वजन क्रेनच्या हाताला टांगून, डोलणाऱ्या जहाजावरून पाण्यात सोडायचे आणि परत घ्यायचे. आता कळले ना, माझा झोका कसा असेल?

माझी काळजी घेणारी तंत्रज्ञ एक बाई होती. तिच्या कमरेच्या खिशात कायम पक्कड असे, आणि एखादी गोष्ट तिने धरली की सोडत नसे, म्हणून जहाजावर सगळे तिला पक्कडताई म्हणत. मी आपला नुसते ताई म्हणतो. प्रत्येक बुडीनंतर ती मला गोड्या पाण्याने न्हाऊ घाली. एकेक स्क्रू, एकेक दोरी, एकेक झाकण बघे. नव्या शास्त्रज्ञांना ती पहिल्याच दिवशी सांगे, "झाकण ताणलेलं असताना बोट मध्ये घालू नका. ते बोट कुणाचं आहे हे त्याला कळत नाही." एका हुशार गृहस्थाने तरीही बोट घातले. झाकण मिटले, नख उडाले आणि हाड मोडल्याचा आवाज आला. नंतर ताई त्याला म्हणाली, "मी सांगितलं होतं." गृहस्थ कण्हत म्हणाला, "तुम्ही फार हळू सांगितलंत." तेव्हापासून ताई मोठ्याने सांगू लागली.

विंच चालवणारा माणूस ताईच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. बारा वर्षे विंचच्या लिव्हरवर, म्हणजे हातदांड्यावर, त्याचाच हात होता. ताई त्याला भाऊजी म्हणे, म्हणून सगळे जहाज त्याला भाऊजी म्हणे, कप्तानसुद्धा. फेरीला निघताना भाऊजी आपल्या मुलीने रंगवलेला फोमचा कप बरोबर आणी. ताई तो जाळीच्या पिशवीत घालून माझ्या अंगाला बांधे. खाली पाण्याचा दाब इतका असतो, की तो कप चिरडून अंगठ्याएवढा होऊन वर येई. मुलीला त्याची फार गंमत वाटे. मला मात्र तो कप बघून वाटे, हा आकसूनही कपच राहतो, कारण त्याचे तोंड उघडे आहे. जे चहूबाजूंनी बंद आणि मधून पोकळ असते त्याचे काय होते ते मी पाहिले होते. एकदा माझ्यावर काचेचा एक जाड गोळा बसवला होता, आत काही नाजूक उपकरण होते. चार हजार मीटरवर त्याला कुठेतरी केसाएवढी चीर गेली. तो बाहेर फुटला नाही, मित्रांनो, आतल्या आत फुटला. तोफ डागल्यासारखा धक्का बसला. शेजारच्या तीन बाटल्यांचे तुकडे झाले, माझी एक नळी मुडपली, आणि काचेचे पीठ होऊन पाण्यात विरले. खालचा समुद्र असा आहे. आवाज न करता मारतो.

तिसरा माणूस डेकवरचा खलाशी. आडवा-उभा, हत्तीसारखा, म्हणून त्याचे नाव पैलवान. कुस्ती त्याने जन्मात खेळली नव्हती. मला पाण्यात सोडताना आणि वर घेताना दोन बाजूंनी दोन दोर लागत. ते दोर माझ्या कड्यांत अडकवून डेकवरच्या लोखंडी खुंट्यांना वेढा देत आणि हळूहळू सोडत किंवा ओढत, म्हणजे मी झोके घेणार नाही. एक दोर ताईकडे, एक पैलवानाकडे. मला सोडताना पैलवान माझ्या नळीवर थाप मारून म्हणे, "जा बाबा, भिजून ये."

माझे कौतुकही पुष्कळ झाले. खोल समुद्रातला एक उबदार थर माझ्या बाटल्यांमुळे सापडला, तेव्हा माझा फोटो भिंतीवर लागला. बंदरात शाळेची मुले मला बघायला येत. मी चकचकीत दिसावे म्हणून मला रंग देत. पण कौतुक माझ्या वाट्याला येई, विंचच्या नाही. विंच डेकच्या कोपऱ्यात, तेलकट, काळी. तिच्या ब्रेकचे पट्टे झिजले होते. थांब म्हटल्यावर ती लगेच थांबत नसे, हातभर सरकून मग थांबे. ताईने ते वहीत लिहिले. पुढच्या फेरीला पुन्हा लिहिले. तिसऱ्यांदा लिहिताना तिने शाई फुटेपर्यंत पेन दाबले. तिन्ही वेळा बंदरावरच्या कचेरीतून एकच उत्तर आले: पुढच्या दुरुस्तीत बघू. भाऊजी म्हणे, "हातभर तर सरकते. मी हातभर आधी थांबवतो, झालं."

आणि मग ती फेरी आली.

तिचा प्रमुख एक शास्त्रज्ञ होता. त्याला सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. समुद्रावर एक सरळ रेघ आखून तिच्यावर चोवीस ठिकाणी पाणी घ्यायचे, असा त्याचा बेत होता. तेवीस ठिकाणे झाली. चोविसाव्याच्या दिवशी सकाळपासून वारा फिरला. दुपारी बारापर्यंत लाटा घराएवढ्या झाल्या. जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पडत होते.

ताई माझ्याजवळ उभी राहून पाण्याकडे बघत होती. साहेब आला तेव्हा तिने मान न वळवताच सांगितले, "आज नाही, साहेब."

"एकच राहिलंय, ताई."

"राहू दे. लाट बघा. आणि ब्रेक सरकतोय."

"तीन वर्षं या फेरीची वाट बघितलीय मी. परत जहाज कधी मिळेल कुणास ठाऊक. रेघ अर्धवट टाकून घरी जाऊ?"

"जा. पण जिवंत जा."

साहेबाचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. त्याने कप्तानाला फोन लावला. कप्तान म्हणाला, डेकवरच्या लोकांना जमत असेल तर माझी हरकत नाही. साहेबाने फोन ठेवला आणि ताईला ओलांडून तो भाऊजीकडे वळला. "विंच तुम्ही चालवता. तुम्हीच सांगा. जमेल का?"

भाऊजीने ताईकडे पाहिले, मग आपल्या लिव्हरकडे पाहिले. बारा वर्षांत कुणी त्याला असे साऱ्यांसमोर विचारले नव्हते. "सोडताना काही नाही," तो म्हणाला. "वर घेताना सांभाळून घेईन."

"भाऊजी!"

"अगं, एकदाच तर."

"‘एकदाच’ कुणाला सांगताय? मला की ब्रेकला?"

ताईला तेव्हा आत निघून जाता आले असते. तिने हेल्मेट काढलेही. मग पैलवान एकटाच माझे दोर सोडवायला लागला, ते तिने पाहिले.

"ताई, तुम्ही बसा आत," तो म्हणाला. "मी बघतो दोन्ही दोर."

"दोन बाजूंचे दोन दोर एका माणसाला धरता येतात का? मोठा पैलवान लागून गेलास."

"कसला पैलवान! झुरळ दिसलं तरी बाकावर चढतो मी."

ताई हसली, हेल्मेट पुन्हा चढवले आणि डाव्या बाजूचा दोर हातात घेतला.

मला सोडणे नीट झाले. पाण्याखाली पन्नास मीटर गेलो आणि वरचा सगळा गोंधळ संपला. खाली लाटा नसतात. मी तास-सव्वातास काळोखात उतरत राहिलो. तळाच्या थोडे वर थांबलो आणि मग वर येता येता एकामागून एक बाटल्या मिटत गेल्या. फाड, फाड, फाड. चोवीस. साहेबाची रेघ माझ्या पोटात पुरी झाली. मी वर निघालो तेव्हा मला कल्पना नव्हती, की मधल्या वेळात वर समुद्र किती खवळला आहे.

पाण्याबाहेर डोके काढले आणि एका लाटेने मला जहाजाच्या पोलादी कुशीवर आपटले. दोन बाटल्या फुटल्या. तार ढिली पडली आणि दुसऱ्याच क्षणी असा हिसका बसला, की क्रेनचा हात कण्हला. भाऊजीने मला पाण्यातून उपसले. वारा, फेस आणि पाऊस असे सगळे मिळून आडवे येत होते. पैलवानाने लांब काठीच्या आकड्याने एक दोर माझ्या कड्यात अडकवला. ताईने दुसरा अडकवला आणि खुंट्याला वेढा दिला. जहाज पलीकडे कलले. मी समुद्राच्या बाजूला गेलो. जहाज अलीकडे कलले. मी डेककडे निघालो.

त्या कलण्यात पैलवानाचा पाय घसरला. तो कठड्याशी गुडघ्यावर पडला, त्याचा दोर सुटला, आणि मी नेमका त्याच्याच दिशेने येत होतो. ताईच्या दोराचा वेढाही खुंट्यावरून निसटला. हाताला दोर गुंडाळायचा नाही, हा नियम तिनेच शंभर जणांना शिकवला होता. तिने दोर डाव्या मनगटाला दोनदा गुंडाळला, पाय खुंट्याला लावले आणि मागे रेलली. "थांबा!" ती ओरडली. "भाऊजी, थांबा!"

भाऊजीने ब्रेक मारला. माझी तार जिथल्या तिथे राहिली असती, तर मी पैलवानाच्या डोक्यावरून गेलो असतो. पण ब्रेक सरकला. त्या दिवशी तो हातभर सरकला नाही, दोन हात सरकला. मी खाली आलो, आणि माझी खालची कड पैलवानाच्या बरगड्यांवर बसली. त्याला कठड्याला चेपून मी थांबलो. सुकी लाकडे मोडावीत तसा आवाज झाला. माझ्या झोक्याने ताईचा दोर ताणला, ती फरफटत पुढे आली आणि तिचा हात माझी नळी आणि लोखंडी खुंटा यांच्यामध्ये सापडला.

मित्रांनो, मला थांबायचे होते. पण मला पाय नाहीत, हात नाहीत. मला जो सोडतो त्याच्या मर्जीने मी जातो आणि लाटेच्या मर्जीने परत येतो.

जहाज पुन्हा पलीकडे कलले. मी पैलवानावरून उठलो आणि समुद्राकडे निघालो. ताईचा दोर अजून माझ्या कड्यात होता आणि दुसरे टोक तिच्या फुटलेल्या मनगटाला करकचून आवळले होते. मी तिला ओढत कठड्याकडे नेत होतो. भाऊजीला सगळे दिसत होते. मला खाली सोडले तर मी खाली पडलेल्या पैलवानावर बसणार. वर घेतले तर ताई कठड्यावरून समुद्रात जाणार. त्याचा हात लिव्हरवर होता आणि त्या हाताला काहीच सुचत नव्हते.

तेव्हा पैलवान उठला. छाती मोडलेला माणूस उठतो कसा, हे मला आजही कळलेले नाही. तो एका गुडघ्यावर आला, कमरेचा सुरा काढला आणि ताईच्या दोरावर मारला. एका घावात दोर तुटेना. त्याच्या तोंडातून रक्त येत होते. त्याने दुसरा घाव घातला, तिसरा घातला. दोर तुटला. ताई मागे डेकवर पडली. आणि मी, मला आवरणारा एकही दोर नसलेला सातशे किलोंचा गोळा, समुद्रावर जाऊन परत आलो. पैलवान अजून तिथेच गुडघ्यावर होता. त्याने मला येताना पाहिले. त्याने हात पुढे केले, दोन्ही तळवे उघडे, जणू नेहमीसारखी थाप मारून मला थोपवणार होता.

मी थांबलो नाही.

नंतर भाऊजीने मला डेकच्या मोकळ्या बाजूला टेकवले. तो विंचवरून उतरला. आधी पैलवानाजवळ गेला आणि तिथे करण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून ताईजवळ गेला. आपला पट्टा काढून त्याने तिचा दंड आवळला. तिला आत नेल्यावर तो परत आला. हातात मोठा पाना होता. त्या पान्याने तो मला मारत सुटला. बाटल्या फोडल्या, नळ्या चेपल्या, उपकरणे ठेचली. कुणी त्याला अडवले नाही. हात दुखून पाना गळून पडला, तेव्हा तो साहेबाकडे गेला आणि त्याची कॉलर धरली. साहेब पावसात उघड्या डोक्याने उभा होता. तो म्हणाला, "मारा." भाऊजीने मूठ उगारली. मग त्याने ती मूठ स्वतःच्याच तोंडावर हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी साहेबाने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि ते दोघे तसेच खाली बसले.

माझ्या सात बाटल्या शाबूत होत्या. आत खोल समुद्रातले स्वच्छ पाणी होते. ते तपासायला कुणी आले नाही. संध्याकाळी इंजिनवाल्याने येऊन एकेक तोटी उघडली. ज्या पाण्यासाठी हे सगळे झाले ते पाणी डेकवर वाहिले, आणि त्या पाण्याने पैलवानाचे रक्त धुतले गेले.

बंदरावर मला पुरावा म्हणून एका आवारात ठेवले. चौकशी व्हायची होती. तिच्या आदल्या दिवशी ताई तिथे आली. डावा हात मनगटापासून नव्हता, दंडापर्यंत पट्ट्या होत्या. तिच्यामागून तिची थोरली बहीण आली.

"उद्या काय सांगणार आहेस?" बहिणीने विचारले.

"जे झालं ते."

"हे ‘सांभाळून घेईन’ म्हणाले, तेही?"

"तेही, माई."

"हे एकच काम येतं गं त्यांना. घरात बसले तर वेडे होतील. आत्ताच भिंतीकडे तोंड करून बसतात. ब्रेक खराब होता एवढंच सांग. ते काय खोटं आहे?"

"खोटं नाही. पण अर्धंच आहे."

"मग अर्धंच सांग. स्वतःच्या माणसासाठी एवढं करता येत नाही तुला?"

ताईने माझ्या चेपलेल्या नळीवर उजवा हात ठेवला. "साहेबांच्या कचेरीतले लोक आत्ताच म्हणायला लागलेत, की पैलवान नको तिथे उभा होता. मी अर्धं सांगितलं, तर उरलेलं अर्धं त्याच्या नावावर लिहितील. त्याच्या आईला तसं पत्र जाईल. त्यानं माझा दोर कापला, माई."

बहीण फाटकाकडे वळली. मग म्हणाली, "सांग तुला सांगायचं ते. पण माझ्या दारात येऊ नकोस." आणि ती मागे न बघता निघून गेली. ताईने डोळे पुसायला दोन्ही हात उचलले. एकच वर आला. तो तसाच धरून ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तीन अधिकारी आले. विंचचे वही-कागद त्यांच्या हातात होते. ताईने सांगितले, "मी नको म्हटलं. साहेबांनी ऐकलं नाही. कप्तानांनी आमच्यावर ढकललं. भाऊजींनी सांभाळून घेईन म्हटलं. आणि नको म्हणत असतानाही दोर मी हातात घेतला, नंतर मनगटाला गुंडाळला. ती चूक माझी. पैलवानाची चूक एकही नाही."

मग त्यांनी भाऊजीला विचारले. त्याला नाही म्हणता आले असते. लाटांच्या आवाजात कुणी काय ऐकले हे कोण सिद्ध करणार होते? त्याने ताईच्या रिकाम्या बाहीकडे पाहिले. "ती सांगते ते खरं आहे," तो म्हणाला. "मला जमेल असं मी म्हणालो. मला नाही म्हणायची लाज वाटली."

साहेबाने पुन्हा कधी फेरी काढली नाही. कप्तानाला जहाज सोडावे लागले. कचेरीतल्या ज्याने तीनदा ‘पुढच्या दुरुस्तीत’ लिहिले होते, त्यालाही खुर्ची सोडावी लागली. भाऊजीचा विंच चालवण्याचा परवाना गेला, तो गोदामात दोर गुंडाळू लागला. विंचला नवा ब्रेक बसला. आणि एक नियम झाला: डेकवर कुणीही ‘थांबा’ म्हटले, की काम थांबलेच पाहिजे. का थांबवले, ते नंतर विचारायचे. पैलवानाच्या आईला पत्र गेले. त्यात, तुमच्या मुलाने एका माणसाचा जीव वाचवला, असे लिहिले होते, हे मी ताईच्याच तोंडून ऐकले.

मला मात्र सगळे विसरले. चार वर्षे मी आवाराच्या कोपऱ्यात पडून होतो. मला न्हाऊ घालणारे कुणी नव्हते. जिथे जिथे पान्याचे घाव बसले होते, तिथे गंज आधी शिरला. माझ्यात गवत उगवले. माणसे मला वळसा घालून जात. मी त्यांना दोष देत नाही.

पाचव्या वर्षी ताई आली. तिला आता नव्या तंत्रज्ञांना शिकवायचे काम मिळाले होते. तिने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, "हाच पाहिजे." मला या मोठ्या शेडमध्ये आणले, तारेला टांगले, आणि मला मागे ओढायला दुसऱ्या तारेने एक विंच जोडली. खाली जमिनीवर पिवळी रेघ मारली आणि रेघेपलीकडे वाळूने भरलेले एक पोते उभे केले. ती विंच चालवायला माणूस हवा होता. दोन महिने कुणी मिळेना. एका सकाळी भाऊजी येऊन दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते. हातात दोन डबे होते. त्यातला एक त्याने ताईपुढे ठेवला. "माईनं दिलाय," एवढेच तो म्हणाला. ताईने डबा उघडला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. मग तिने त्याला लिव्हर दाखवली. शेडमध्ये चालवायला परवाना लागत नाही.

तेव्हापासून माझे काम मारणे हे आहे. नवी माणसे येतात, हसत-खिदळत रांगेत उभी राहतात. भाऊजी मला मागे ओढतो आणि सोडतो. मी जाऊन पोत्यावर आदळतो. पोते फाटते, वाळू त्यांच्या तोंडावर उडते, आणि हसणे थांबते. मग ताई बाही वर करते आणि सगळे सांगते. पैलवान, दोर, सुरा, सगळे. भाऊजी लिव्हरजवळून म्हणतो, "तिथे मी होतो." एकदाही त्याने ते वाक्य टाळलेले नाही.

गेल्या आठवड्यात नवी तुकडी आली. त्यात जाड भिंगाचा चष्मा लावणारी एक बाई होती. आधी कुठेतरी प्रयोगशाळेत काम करायची. दोन दिवस ती चकार शब्द बोलली नव्हती. ताई नेहमीप्रमाणे समजावत होती, मागे मागे सरकत होती, आणि बोलण्याच्या भरात तिचा पाय पिवळ्या रेघेपलीकडे पडला. तिला ते कळले नाही. भाऊजीची मान लिव्हरकडे होती. मी सुटलो.

"थांबा!"

त्या चष्मेवाल्या बाईचा आवाज एवढा मोठा असेल, असे कुणाला वाटले नसते. भाऊजीने वळूनही पाहिले नाही, का म्हणून विचारले नाही. ब्रेक मारला. मागची तार ताणली, मी थरथरलो, आणि ताईच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. मित्रांनो, मी थांबलो.

त्या बाईने आपल्याच तोंडावर हात ठेवला. "चुकून... मला वाटलं..." ती पुटपुटली.

ताईने खाली आपल्या पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. ती पिवळ्या रेघेच्या अलीकडे आली. ती हसत होती. "परत म्हणा," ती बाकीच्यांना म्हणाली. "या बाईंनी म्हटलं तसं. सगळ्यांनी. एकेक करून."

माझ्या मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, त्यांना धुवा, त्यांचे झिजलेले पट्टे वेळेवर बदला, पुढच्या फेरीवर ढकलू नका. आम्ही तुमचे काम जन्मभर करू. पण आम्हाला तुमचे दुखणे कळत नाही, तुमची घाई कळत नाही, तुमची लाज तर मुळीच कळत नाही. आम्हाला फक्त ब्रेक कळतो. म्हणून कधी तुम्हाला धोका दिसला, तर तुम्ही नवे असा, लहान असा, चुकत असा, तरी ओरडा. आणि कुणी ओरडले, तर आधी हात थांबवा.

त्या सकाळी मी पंधरा वेळा सुटलो, पंधरा माणसे एकेक करून ओरडली आणि पंधरा वेळा मी थांबलो. पोते तसेच उभे राहिले. वाळूचा एक कणही सांडला नाही.